कापसाच्या गाडीने आलेले चेहरे

जलंब ते खामगाव ही रेल्वेची फांदी जेमतेम तेरा किलोमीटरची. ती टाकली गेली कापसासाठी. खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातली कापसाची सगळ्यात मोठी बाजारपेठ. इथल्या गाठी मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना पोचवायच्या म्हणून १८७० मध्ये हा मार्ग सुरू झाला, आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. पुढे बऱ्याच वर्षांनी, सिनेमा बोलू लागल्यावर, कापूस जिकडे जायचा तिकडूनच एक वेगळा माल वऱ्हाडात यायला लागला. पत्र्याच्या पेट्यांतली सिनेमाची रिळं, आणि त्यांच्याबरोबर फोटोंचा एक जाड लिफाफा.

या लिफाफ्याचा प्रवास सिनेमाच्या धंद्याने आखून दिलेला होता. बुलढाणा जिल्हा आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सरकारी नकाशे बदलले, पण वितरकांच्या वह्यांमधला मुलूख ‘सीपी-बेरार’ याच नावाने राहिला आणि धंद्यात ते नाव अजूनही चालतं. या मुलखाचा कारभार अमरावती आणि भुसावळ इथून व्हायचा. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं ठाणंही भुसावळचंच. भुसावळहून निघालेली पेटी मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी गाडीने यायची. बुलढाण्याला रेल्वे आजही नाही, त्यामुळे तिथला, चिखलीचा किंवा मेहकरचा प्रेक्षक नव्या सिनेमासाठी मोटारीच्या रस्त्यावर अवलंबून.

लिफाफ्यातले फोटो टॉकीजच्या दर्शनी भागातल्या काचपेटीत लागायचे. ‘फोटो लागले’ म्हणजे सिनेमा आला. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नसत, त्याच्यासाठी तेवढाच सिनेमा. असा एखादा फोटो हातात घेऊन पाहिला की त्याचा सगळा इतिहास बोटांना लागतो. चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं, एकाशेजारी एक, कारण प्रत्येक गावाने आपली टाचणी टोचलेली. भोकांभोवती गंजाचं तांबूस कडं. उन्हाकडची बाजू पिवळी पडलेली. मागे वितरकाचा जांभळा रबरी शिक्का आणि पेन्सिलीने टाकलेला एक आकडा. नायिकेचं नाव मागे क्वचितच असायचं. तिला सगळेच ओळखत. फोटो काढणाऱ्याचं नाव तर शोधूनही सापडत नाही.

हे फोटो सिनेमातलेच आहेत असं पाहणाऱ्याला वाटे. खरं तर ते रिळातून काढलेले नसत. शॉट ओके झाला की दिग्दर्शक नटांना तसंच थांबायला सांगे, सिनेमाचा कॅमेरा बाजूला होई आणि स्थिरचित्रणकार पुढे येई. दोन मिनिटं सगळे श्वास धरून उभे. त्यातून पोस्टर, गाण्यांची पुस्तिका, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि काचपेटी, सगळ्यांची सोय होई. शिवाय कुणाच्या कपाळावर टिकली कशी होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, याची पुढच्या दिवसासाठी नोंद राही. मुंबईत दामोदर कामत यांच्या ‘कामत फोटो फ्लॅश’ने चाळीसच्या दशकापासून हे काम केलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते सांभाळलं. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ थाटला आणि हॉलिवूडच्या छायाचित्रांवरून प्रकाशयोजना शिकून नर्गिस, दिलीपकुमार, राज कपूर यांचे चेहरे घडवले. घडवले हाच शब्द बरोबर. एकेका दिव्याची जागा ठरवून, सावलीची धार लावून केलेलं ते काम मूर्तिकाराच्या जातीचं आहे.

पण प्रेक्षकाची भूक त्याच्या पलीकडची असते. घडवलेला चेहरा पोटभर पाहिला की त्याला न घडवलेला पाहायचा असतो: नटी चहा पिताना कशी दिसते, नायक शॉटची वाट पाहत कुठे बसतो.

या भुकेला नाव मिळालं ते युरोपात. बर्लिनचा एरिक सालोमन हा शिक्षणाने कायद्याचा डॉक्टर. छोटा कॅमेरा घेऊन तो कोर्टात, परिषदांत आणि मेजवान्यांत शिरायचा आणि पुढाऱ्यांना जांभई देताना टिपायचा. १९३० च्या आसपास लंडनच्या ‘ग्राफिक’ साप्ताहिकाने त्याच्या फोटोंसाठी ‘कँडिड कॅमेरा’ असे शब्द वापरले आणि ते जगभर रूढ झाले. १९३० मध्ये सालोमन हॉलिवूडला गेला तेव्हा मार्लेन डीट्रिच तिथे नवीन होती आणि तिची लहान मुलगी बर्लिनला होती. समुद्रापलीकडच्या त्या मुलीशी फोनवर बोलणाऱ्या डीट्रिचचा फोटो त्याने काढला. पडद्यावरची मोहिनी त्या फोटोत नाही, एक आई आहे. सालोमन ज्यू होता. १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.

हॉलिवूडच्या कंपन्यांनी ही भूक लगेच ओळखली. त्यांच्या प्रसिद्धी विभागांनी ‘सहज’ फोटोही ठरवून काढायला सुरुवात केली: स्वयंपाकघरात उभी केलेली नटी, बागेत पाणी घालणारा नायक. त्यामुळे त्या काळचा प्रत्येक बेसावध क्षण बेसावध असेलच असं नाही. खरे निसटते क्षण मिळाले ते बाहेरून आलेल्या फोटोग्राफरांना. १९५५ मध्ये ईव्ह अर्नोल्डने मेरिलिन मन्रोला मुलांच्या खेळाच्या मैदानात जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ वाचताना टिपलं. त्याच वर्षी डेनिस स्टॉकने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, पावसात कोटाची कॉलर वर करून चाललेला जेम्स डीन टिपला. हे दोन्ही फोटो आज जगातल्या कुठल्याही फोनवर येऊन पडतात आणि बहुतेकदा फोटोग्राफरच्या नावाशिवाय येतात.

आपल्याकडचा असा सगळ्यात मोठा ठेवा एका जर्मन माणसाने मालाडमध्ये जमवला.

योझेफ विर्शिंग १९०३ मध्ये म्युनिकमध्ये जन्मला. फ्रान्झ ऑस्टेन या दिग्दर्शकाबरोबर तो १९२५ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, हिमांशु रॉय यांच्या बुद्धचरित्रावरच्या मूकपटासाठी. १९३४ मध्ये रॉय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, तेव्हा कॅमेऱ्यामागे पुन्हा विर्शिंग होता. ‘अछूत कन्या’ १९३६ चा. त्यातला नायक अशोककुमार हा कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण, त्याच वर्षी ‘जीवन नैया’साठी अचानक कॅमेऱ्यासमोर उभा केलेला. सिनेमाचं चित्रण हे विर्शिंगचं काम होतं. त्याखेरीज त्याच्याजवळ स्वतःचा लायका होता, ३५ मिलिमीटरची फिल्म घेणारा. लायका १९२५ मध्ये बाजारात आला, आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघतात म्हटल्यावर फोटोग्राफरला कंजूषपणा करण्याचं कारण उरलं नाही. शॉटच्या मधल्या वेळात, सेट उभा राहत असताना, बाहेरच्या चित्रणावर विर्शिंग टिपत राहिला.

या फोटोंमध्ये नट आहेत तसे दिवे धरणारे, रिफ्लेक्टर पेलणारे आणि कॅमेऱ्याभोवती गोळा झालेले लोकही आहेत. पडद्यावर झोपडी दिसते. फोटोत झोपडीमागचे टेकू दिसतात. मराठी वाचकाला त्यातली लीला चिटणीस यांची पिढी जवळची वाटेल. धारवाडला जन्मलेल्या, बी.ए. झालेल्या लीलाबाई १९३९ च्या ‘कंगन’मुळे बॉम्बे टॉकीजच्या नायिका झाल्या आणि १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर ती जागा हॉलिवूडच्या नट्यांची होती. हॉलिवूडच्या चौकटीत मराठी चेहरा बसला, तो असा साबणाच्या जाहिरातीतून.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रज सरकारने विर्शिंगला स्थानबद्ध केलं. युद्ध संपेपर्यंत तो कॅमेऱ्यापासून दूर होता. सुटल्यावर तो परत आला आणि १९४९ चा ‘महल’ त्याने चित्रित केला. त्यातल्या अंधाराची जात नंतरच्या कित्येक रहस्यपटांनी उचलली. ‘पाकिजा’ त्याचं शेवटचं मोठं काम. १९६७ मध्ये तो वारला, सिनेमा पडद्यावर आला १९७२ मध्ये. त्याच्या निगेटिव्ह घरच्यांनी जपल्या. अल्काझी फाउंडेशनच्या पुढाकाराने २०१७ मध्ये गोव्याच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि २०२३ मध्ये देबश्री मुखर्जी यांनी संपादित केलेलं पुस्तक आलं. साठी-सत्तरी उलटल्यावर ते क्षण लोकांसमोर आले, नावानिशी आणि सालानिशी आले, हे त्या कुटुंबाचे उपकार.

मालाडचे फोटो कंपनीच्या आतून, आपल्या माणसाने काढलेले. पुण्याच्या प्रभात या सिनेकंपनीचा एक प्रसंग मात्र कंपनीला मुळीच नको असलेला. जुलै १९३९ मध्ये शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’ अशा सिनेमांनी त्यांना घराघरांत नेलं होतं. करार आणि पगारावरून वाद झाला होता. ज्या फाटकातून त्या रोज कामाला जायच्या, त्याच फाटकाशी बाकावर बसलेली नायिका, ही त्या दिवसांची सगळ्यात मोठी सिनेबातमी ठरली. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’सारख्या मासिकांनी तिची चर्चा केली. पालघरजवळच्या मासवणच्या या मराठी माणसाने १९३५ मध्ये सुरू केलेलं हे इंग्रजी मासिक गुळगुळीत फोटो आणि तिखट शेरे यांसाठी वाचलं जाई. पुढच्याच वर्षी शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. नटी ही राबणारी बाई आहे, तिच्या अंगाचा, आवाजाचा, झोपेचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे, असा त्याचा सूर आहे. ‘कुंकू’तल्या नीरेचे काचपेटीत टाचलेले फोटो आणि फाटकाशी बसलेल्या शांताबाई एकमेकांशेजारी मांडल्या, तर त्या काळच्या सिनेमाचा अर्धा इतिहास तिथेच उलगडतो.

आता थोडं चांदीविषयी, कारण खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या शुद्ध चांदीसाठी लांबलांबून गिऱ्हाईक येतं. जुना काळा-पांढरा फोटोही चांदीचाच असतो. फिल्मवर आणि कागदावर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार बसवलेले असतात. त्यावर प्रकाश पडतो, रसायनात बुडवल्यावर क्षारांची बारीक कणांतली धातुरूप चांदी होते आणि ते कण काळे दिसतात. देविका राणीच्या केसांचा काळा, शांता आपट्यांच्या डोळ्यांतलं काजळ, ही सगळी चांदी.

हीच चांदी आपल्या सिनेमाच्या मुळावर आली. सिनेमाचे दिवस भरले की निगेटिव्ह आणि प्रिंट धुऊन त्यातली चांदी काढून विकली जाई. आपल्याकडे १३०० च्या वर मूकपट झाले, त्यातले तीसेक उरले आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागलेला आपला पहिला बोलपट, त्याचा आज एक फूटही शिल्लक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर त्याच्या शोधात अर्देशिर इराणी यांच्याकडे गेले होते. काही रिळं असतील, असं इराणींनी सांगितलं. मग मुलाने नायरांना बाजूला घेऊन कबुली दिली की चांदी काढून ती केव्हाच निकालात काढली. नायरांनी ही हकिगत पुढे अनेकदा सांगितली.

‘आलम आरा’चे फोटो मात्र आहेत. जुबेदा आणि मास्टर विठ्ठल कसे दिसले, पोशाख कसे होते, सेटची शोभा कशी होती, ते आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी शॉटनंतर दोन मिनिटं सगळ्यांना थांबवलं होतं. काचपेटीत टाचण्याच्या कामाची म्हणून काढलेली चीज सिनेमा गेल्यावर सिनेमाची मोठी साक्ष उरली. म्हणून अशा फोटोंना शोभेच्या वस्तू समजणं चूक आहे. ती कागदपत्रं आहेत, सातबाऱ्याच्या तोलाची.

कागदपत्राला नाव, गाव, तारीख लागते. आज जुन्या नटनट्यांचे फोटो सकाळी उठल्यावर फोनवर येतात, तेव्हा नेमकं तेच नसतं. मधुबालाचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिचे घरातले, मोकळ्या केसांचे, सहज हसणारे जे फोटो फिरतात, त्यातले बरेच अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाच्या जेम्स बर्क या फोटोग्राफरने १९५१ मध्ये मुंबईत काढले. १९५२ मध्ये तिकडच्याच ‘थिएटर आर्ट्स’ मासिकाने तिच्यावर लेख छापून, जगातली सगळ्यात मोठी तारका बेव्हर्ली हिल्समध्ये राहत नाही, असं आपल्या वाचकांना सांगितलं. बर्कचे बहुतेक फोटो मात्र मासिकाच्या कपाटात पडून राहिले. नोव्हेंबर २००८ मध्ये गूगलने ‘लाइफ’चा संग्रह इंटरनेटवर खुला केला, तेव्हा ते बाहेर आले आणि बघता बघता मुंबई, मलकापूर, मेहकर असे पसरले. ज्या प्रेक्षकांनी तिचे सिनेमे पहिल्या आठवड्यात पाहिले त्यांनी हे फोटो पाहिले नव्हते; त्यांच्या नातवंडांनी ते आधी पाहिले. संग्रहात प्रत्येक फोटोखाली बर्कचं नाव होतं. दहा फोन फिरता फिरता ते गळून पडलं, कडा कापल्या गेल्या, कुणीतरी संगणकाने रंग भरले. आता त्या साडीचा रंग खरा कुठला, हे विचारायचं तरी कुणाला?

ही हानी गंभीर आहे. चांदी काढून घेणाऱ्याला निदान पैसे मिळत होते. नाव काढून टाकणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि फोटो मुका होतो.

या सगळ्या टिपाटिपीत प्रेक्षकाकडे कॅमेरा फार उशिरा वळला. जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवण्याची महाराष्ट्रातली परंपरा मोठी. ट्रकवर प्रोजेक्टर, भोवती कनात, खाली जमीन. अमित मधेशिया या फोटोग्राफरने रात्रीच्या खेळाला बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे पडद्यावरून परतणाऱ्या उजेडात टिपले: घोंगडी लपेटलेला म्हातारा, आ वासलेलं पोर. त्या मालिकेला २०११ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. शर्ली अब्राहम यांच्याबरोबर त्यांनी याच तंबूंवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. सिनेमाचा खराखुरा बेसावध चेहरा हवा असेल तर तो तिथे आहे, पडद्याच्या समोर.

राहता राहिल्या त्या पेट्या. एकपडदा टॉकीज एकेक करून बंद पडल्या, डिजिटल आल्यावर रिळांची गरज संपली आणि काचपेट्या रिकाम्या झाल्या. पण फोटोंचे लिफाफे सगळेच रद्दीत गेले असतील असं नाही. कुणाचे वडील ऑपरेटर होते, कुणाचे आजोबा वितरकाचे प्रतिनिधी म्हणून पेटीबरोबर गावोगाव फिरायचे, कुणाच्या काकांचा खामगावला किंवा चिखलीला फोटो स्टुडिओ होता आणि शूटिंगला किंवा नाटकाला आलेल्या नटाबरोबर त्यांनी एक फोटो काढून घेतला होता. अशा घरांतल्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत अजून काही ना काही सापडू शकतं.

सापडलं तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. उन्हापासून आणि ओलीपासून दूर, कागदी पाकिटात ठेवा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोटो दाखवा आणि तो जे सांगेल ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने मागे लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. कोण आहे, कुठे, कोणत्या साली, फोटो कुणी काढला. निगेटिव्ह किंवा रीळ असेल तर पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून ते हेच काम करतं, त्यांना कळवा. आणि फोनवरून कुणाला पाठवणार असाल तर फोटो उलटा करून मागच्या बाजूचाही एक फोटो काढा, शिक्का, आकडा, गंजलेली भोकं सगळं दिसेल असा, आणि दोन्ही एकत्रच पाठवा.